कळवणच्या बरणीतला बिनजबड्याचा मासा

आणि वर मलाच म्हणते, "आई, समजून घे ना!" काय समजून घेऊ? तीन आखाज्या गेल्या, अक्षय्य तृतीयेचा सण हो. गल्लीतल्या लग्न झालेल्या सगळ्या लेकी आखाजीला माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आमरस ओरपतात. माझी वैशू कळवणच्या कॉलेजात माशांचं शास्त्र शिकवते, आणि तिचं उत्तर ठरलेलं, "प्रॅक्टिकल आहेत." जन्मभर मासे विकून मी तिला मासे शिकायला पाठवलं, आणि त्या मेल्या माशांनीच तिला धरून ठेवलं. म्हटलं, बघूनच येते कोणते मासे आहेत ते.

मी चौथी शिकलेली. मी फोनला बोलते, तो लिहून घेतो, भाची चुका काढून इथं टाकते. कळवणला जायचं असेल त्यांनी नीट वाचा.

नाशिकहून सकाळची एसटी पकडा, दुपारी पत्रा तापतो. बायांना निम्मं तिकीट. दिंडोरीच्या पुढं दोन्ही बाजूंनी द्राक्षाचे मळे, पण आता छाटणी झालेली, नुसत्या काड्या उभ्या. वणीला चहा घ्या, वडा घेऊ नका, गार असतो. नांदुरीला देवीच्या गडावर जाणारी मंडळी उतरली की खिडकी मिळते.

माझ्या मांडीवर तळलेल्या मरळीचा डबा. मागचे एक काका नाकाला रुमाल लावून म्हणाले, "मावशी, वास येतोय."

"मग? मरळ आहे, मोगरा नाही."

कंडक्टर म्हणाला, "काका, तुम्हाला वास येतोय. मला भूक लागलीय, मी कुणाला सांगू?" त्याला एक तुकडा दिला. काकांना नाही दिला.

कळवण स्टँडवरून शेअर रिक्षानं कॉलेज. प्रयोगशाळेत वैशू पाठमोरी उभी होती. मागं न बघताच म्हणाली, "आई?"

"तुला कसं कळलं?"

"अख्ख्या कॉलेजला कळलं!"

हसत हसत ती सरांना सांगायला गेली. मी एकटी, समोर बरण्या. एकीत वामीसारखा लांबडा मासा. आता मासा दिसला की आम्हा विकणाऱ्या बायांचा अंगठा थांबत नाही. कल्ल्याचं झाकण उचलायचं, आत लाल दिसलं तर ताजा. मी बरणी उघडली, अंगठा घातला. झाकणच नाही! बाजूला ओळीनं सात भोकं, बासरीला असतात तशी. आणि डोळ्यांत असा जाळ घुसला की विचारू नका.

वैशू धावत आली. "आई! अगं, फॉर्मॅलिन आहे ते! आधी हात धू, डोळ्यांवर पाणी मार."

धुतलं. मग विचारलं, "याचा जबडा कुणी काढला?"

"नसतोच त्याला. लॅम्प्रे म्हणतात. माशांना जबडे आले त्याच्या आधीपासूनचं हे घराणं. खवले नाहीत, पोहायचे जोडीचे पर नाहीत, हाडंसुद्धा नाहीत. आतला सांगाडा कुर्चेचा, आपल्या कानासारखा लवचिक."

तोंड म्हणजे गोल चकती, आत दातांची वर्तुळं. दुसऱ्या माशाला चिकटतो, कातडी खरवडतो, रक्त पितो. तोंड अडकलेलं असताना त्या सात भोकांतूनच पाणी आत घेतो, त्यांतूनच बाहेर सोडतो. शेजारच्या बरणीत त्याचा भाऊबंद, हॅगफिश. धरला तर बादलीभर चिकट बुळबुळीत काहीतरी सोडतो, मग स्वतःच्या अंगाची गाठ मारून ते पुसून निघून जातो.

"तुझ्या मामासारखा," मी म्हटलं.

लॅम्प्रेची पिल्लं म्हणे वर्षानुवर्षं नदीच्या गाळात राहतात, आंधळी. मोठी झाली की समुद्रात जातात, आणि अंडी घालायला परत नदी चढतात.

"आपल्याच नदीला? माहेरी?"

"नाही गं. जन्माची नदी नाही शोधत. ज्या नदीतून पिल्लांचा वास येतो तिच्यात चढतात. कुणाचीही पिल्लं असोत."

"आणि अंडी घातल्यावर?"

"मरतात." मग बरणीचं झाकण आवळत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "आई, ऑगस्टात आम्ही दोघं नवरा-बायको पोर्तुगालला चाललोय. चार वर्षं. याच माशावर काम आहे."

माझे डोळे अजून वाहत होते.

"रडू नको ना."

"रडतंय कोण? तुझ्या बरणीनं केलंय."

"तिथं याचा भात करतात," ती म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून.

"शिजताना वास कसा येतो?"

"माहीत नाही."

"मग पोरांना शिकवतेस काय!"

जावई कामावर होते, तिच्या खोलीवर जाऊन दोघींनीच मरळ खाल्ली. काटे तिनं लहानपणी चोखायची तसेच चोखले. जाताना परतीच्या संध्याकाळच्या गाडीची वेळ आधी विचारून ठेवा, मी धावत पकडली.

घरी येऊन डबा घासायला घेतला आणि वासासकट तसाच ठेवला. दोन दिवस झाले. घरात मी एकटी, कोण नाक मुरडणार? तो बिनजबड्याचा मासा समुद्रातून वासावर नदी चढतो. मी निम्म्या तिकिटात कळवणला पोहोचले. पोर्तुगालला एसटी जात नाही, वैशे.

तू हे वाचतेस, मला माहीत आहे. येत्या सोमवारी मी कैऱ्यांची आढी लावतेय, म्हणजे आखाजीपर्यंत आंबा पिकेल. तुम्ही दोघं येणार म्हणून पाहुण्यांपुरती लावू, की फक्त नैवेद्याला चार? सोमवारी दुपारच्या आत फोन कर. आणि "प्रॅक्टिकल आहेत" हे उत्तर मी धरणार नाही.