बाराव्या मजल्यावरचं श्राद्ध

बांग दोकसूला कॅम्पिंगचं वेड लागलं ते पन्नाशी उलटल्यावर, आणि या वयात लागलेलं वेड घर बुडवल्याशिवाय उतरत नाही, असं त्याची बायको यंगनान म्हणायची. कोरियातल्या तेगू शहरात त्याचं बाथरूमच्या फरश्यांचं दुकान होतं. बाराव्या मजल्यावरच्या त्याच्या घराच्या बाल्कनीत टॉवेल वाळत घालायलाही जागा उरली नव्हती. तिथे तंबू, घडीच्या खुर्च्या, घडीचं टेबल आणि घडी न होणाऱ्या बऱ्याच वस्तूंचा ढीग होता. कंदील तर विचारूच नका. घरात माणसं दोन आणि कंदील अख्ख्या वरातीला पुरतील एवढे. प्रत्येक कंदील घेताना त्याला वाटायचं, हा काहीतरी वेगळा आहे. घरी आणला की तो आधीच्यांसारखाच निघायचा.

जंगलाशी म्हणाल तर त्याची ओळख बेताचीच, आणि हे तो स्वतःच गिऱ्हाइकांना सांगतो. त्याच्या आवडत्या मैदानावर प्रत्येक तंबूपाशी विजेची सोय होती. तिथे पोचल्यावर बाकीचे लोक डोंगर बघायचे, दोकसू सॉकेट शोधायचा. मग वायरीचं भलंमोठं रीळ उलगडायचं. विजेची शेगडी, विजेचा तवा, विजेची गादी, सगळं जोडून झालं की हा पंख्यासमोर बसून म्हणायचा, निसर्गात माणूस कसा मोकळा होतो!

त्या वर्षी ऑगस्टमध्ये वडिलांचं श्राद्ध पहिल्यांदाच त्याच्या घरी होतं. आजवर ते गावच्या घरी आई करायची. तिची कंबर पार वाकली, तेव्हा थोरला मुलगा म्हणून त्याने ते मागून घेतलं. आईने दिलं, पण मनापासून नाही. वडील गेले तेव्हा ही इमारत उभीसुद्धा नव्हती. श्राद्धाला ते येणार ते गावच्या ओळखीच्या वाटेने. हे घर त्यांना सापडणार कसं, हाच घोर तिला लागला होता. इथे नाहीच जमलं तर पुढच्या वर्षी मी आपली गावीच करीन, असं तिने आल्या आल्या सांगून टाकलं. म्हणजे ती एकटी, वाकलेल्या कमरेने, चुलीपुढे. दोकसूला नेमकं तेच नको होतं.

दिवस मावळायला आला. मासा भाजून झाला, धिरडी झाली, सूप झालं. फक्त भात राहिला होता, आणि भात तर ताजा गरमच हवा. यंगनानने कुकरचं बटण दाबायला आणि वीज जायला एकच गाठ पडली. त्या उकाड्यात साऱ्या सोसायटीचे एसी घुरघुरत होते, बिचाऱ्या ट्रान्सफॉर्मरने तरी किती सोसावं? कुकर गेला, शेगडी गेली, लिफ्ट गेली.

दोकसूची मात्र छाती फुगली. इतकी वर्षं ज्या सामानापायी टोमणे खाल्ले, त्याचा दिवस आज उजाडला होता. तो बाल्कनीत शिरला आणि एकेक वस्तू आणून त्याने दिवाणखान्यात मांडली.

"हे काय रे?" आईने विचारलं.

"शेगडी आहे, आई. खास बाहेर वापरायची."

"मग पेटव की."

दोकसू प्लग हातात धरून उभा राहिला. यंगनानने मोबाइलचा उजेड त्या प्लगवर धरला आणि अगदी शांतपणे विचारलं, "अहो, हे टोक कुठे घालायचं, तेवढं सांगा."

असा तोंडघशी तो जन्मात पडला नव्हता. शेवटी कामाला आली ती ढिगाच्या तळाशी पडलेली डबीच्या गॅसची साधी शेगडी आणि कॅम्पिंगचं चिमुकलं पातेलं. त्यात भात करायची त्याची ख्याती मित्रांमध्ये मोठी होती. तळाला कोळसा, मधे भात, वर कच्चे तांदूळ, असा तीनमजली भात तो दर वेळी न चुकता बांधायचा, कारण झाकण उघडून बघितल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. आज आई शेजारी बसली होती. त्याचा हात झाकणाकडे गेला की ती चापट मारायची. भात खाली लागला, वर जरा टणक राहिला, पण भात म्हणावा असा झाला.

मग वडिलांना आत येता यावं म्हणून घराचं दार उघडून ठेवलं. आईने बाहेर डोकावून पाहिलं. जिना काळाकुट्ट होता. तिचा चेहराच उतरला.

"नवं ठिकाण, त्यात हा अंधार. ते खालूनच परत जातील रे."

दोकसूचा असल्या गोष्टींवर फारसा विश्वास नव्हता. पण आईचा तो चेहरा त्याला बघवेना. कंदील तेवढे भरलेले होते, कारण ते चार्ज करत बसणं हा त्याचा रोजचा उद्योग. तो पिशवी भरून निघाला आणि प्रत्येक मजल्यावर एकेक कंदील ठेवत थेट तळापर्यंत उतरला. उतरताना ठीक होतं. चढताना वाटेत दोनदा बसावं लागलं. वडील वर येवोत न येवोत, चिरंजिवांना मात्र आपणच त्यांच्याकडे निघालोय असं वाटू लागलं.

आतल्या खोलीत ताट मांडलं, रिवाजाप्रमाणे मद्य ओतलं, नमस्कार झाले, भातात चमचा उभा रोवला. मग त्यांना निवांत जेवता यावं म्हणून तिघंही खोलीबाहेर येऊन, खोलीचं दार ओढून गप्प उभी राहिली. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. सावकाश येणारी, मजल्यामजल्यावर थांबणारी. आईने दोकसूचा हात धरला. आणि खोटं कशाला बोला, त्यानेही तिचा घट्ट धरला. पावलं उंबऱ्याशी थांबली आणि कुणीतरी खाकरलं.

ते वरच्या मजल्यावरचे म्योंग काका होते. छतावर धपधप आवाज होतो म्हणून दोकसू त्यांच्याशी दोन वर्षं बोलत नव्हता. अंधारात जिना चढायची हिंमत होईना म्हणून ते मघापासून खाली पहारेकऱ्याच्या खोलीत बसून होते. दिवे दिसले तसे वर आले. ते कुणी ठेवले, तेवढंच विचारायला थांबले होते.

आईने त्यांना सोडलं नाही. श्राद्धाचं ताट आटोपल्यावर त्यांना जमिनीवर बसवून पोटभर वाढलं. काकांच्या दाताखाली भात करकर वाजत होता. दोकसूने शरमेने मान खाली घातली. काकांनी पुन्हा मागून घेतला.

ते गेल्यावर दोकसू कंदील गोळा करायला उठला, तर आईने त्याला बाहीला धरून खाली बसवलं.

"राहू देत ते. तुझ्या वडिलांना उतरायचंय अजून. आणि पुढच्या वर्षीही इथेच कर. आता वाट ठाऊक झाली त्यांना."