कापूरसरांचं जंगल

कापूरसर दिसायच्या आधी त्यांचा वास यायचा. साकोलीच्या बसस्टँडवर भर गर्दीत नाकाला कापूर झोंबला की समजावं, सर जवळपास आहेत. शर्टाला कापूर, रुमालाला कापूर, तपासून परत दिलेल्या उत्तरपत्रिकांनाही कापूर. सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि देवळात त्यांना कोणी कधी पाहिलं नव्हतं. तरी पूजासाहित्याच्या दुकानदाराची त्यांच्यावर अपार श्रद्धा. एवढा कापूर नेणारा माणूस संतच असला पाहिजे, अशी त्याची खात्री. एकदा त्यानं हात जोडून विचारलं, "सर, घरी देव तरी किती हायेत?"

सर गंभीरपणे म्हणाले, "एकच हाय गा. पण त्याले भूक भलतीच लागते."

तो देव म्हणजे प्रयोगशाळेतली नळीची भट्टी. निकेलचा अतिशय पातळ मुलामा दिलेले सिलिकॉनचे नखाएवढे तुकडे सर त्या नळीत ठेवत. भट्टी तापली की मुलामा फुटून त्याचे डोळ्यांना न दिसणारे थेंब होत. मग कापराची वाफ सोडायची. वाफेतला कार्बन त्या थेंबांना लागून एकेका थेंबावर एकेक नळी उगवायची, केसापेक्षा कितीतरी पट बारीक. निदान उगवावी, अशी आमची अपेक्षा होती. मी पवनीची, सरांच्या हाताखाली पीएच.डी. करायला आलेली. माझा सगळा प्रबंध त्या नळ्या सरळ उभ्या वाढतात की नाही, यावर टांगलेला होता.

सर धानवाल्या घरातले, त्यामुळे प्रयोगशाळेची भाषाही बांधीतली, म्हणजे धानाच्या शेतातलीच. भट्टी पेटली की भातलावणी सुरू झाल्यासारखे म्हणायचे, "चला, रोवणा लागला." मुलामा जाड झाला तर रोपं दाट पडल्यासारखे, "पऱ्हे दाट झाले व पोरी, आता निस्ता कोंडा होइन." आणि खरंच नळ्यांच्या जागी भुकटी निघायची. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, हा शेतकी विभाग आहे. सर कोणाचाच गैरसमज दूर करत नसत. ती त्यांची आवडती करमणूक होती.

एकदा प्राचार्य वीजबिलाबद्दल बोलायला आले. सरांनी त्यांच्यासमोर एक काळा ठिक्कर पडलेला तुकडा धरला. "हे जंगल हाय, साहेब."

"मला तर काही दिसत नाही."

"नागझिऱ्यात तरी वाघ कुठं दिसते? तरी लोकं तिकीट काढूनच जातेत ना?"

प्राचार्य बिलाचं विसरून चहा पिऊन गेले.

एका बाबतीत मात्र सरांकडे थट्टा नव्हती. भट्टीतून निघालेल्या तुकड्याला कोणीही हात लावायचा नाही. "बोट लावशीन त बोट तोडीन," असं ते मला रोज बजावायचे. कडा चिमट्यात धरायच्या, काळ्या अंगाला वाराही लागू द्यायचा नाही. तुकडे ठेवायला त्यांनी बांगड्यांच्या दुकानातून काजळाच्या डब्या आणल्या होत्या. तुकडा तळाला चिकटवला, झाकण लावलं, की डबी शर्टाच्या खिशात टाकून सर नागपूरची बस धरत. तिथल्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे फोटो निघत.

फोटोत दिसायचा नुसता गुंता. विद्यापीठाच्या समितीनं तो पाहिला आणि निकाल दिला, "ही काजळी आहे. नळ्या उभ्या दाखवा, नाहीतर विषय बदला." विषय बदलणं म्हणजे माझी इतकी वर्षं पाण्यात. परतीच्या बसमध्ये सर म्हणाले, "या लोकायनं जंगल कधी वरून पाह्यलं नसन." मी हसले नाही. नवल म्हणजे तेही हसले नाहीत.

समितीनं शेवटची एक संधी दिली होती. आम्ही मुलामा आणखी पातळ घेतला, भट्टी जपून तापवली आणि एक तुकडा तयार केला. तो नागपूरला न्यायचा, त्याच दिवशी सरांच्या नातीचं बारसं निघालं. बारसं उरकून दुपारच्या बसनं जायचं ठरलं. सरांनी शर्ट बदलताना खिशातली डबी काढून भिंतीतल्या देवळीत ठेवली. इकडे पाळणा सजला, बाळाला नवं झबलं घातलं आणि सरांच्या बायकोला, काकूंना, आठवलं की तीट लावायची राहिली. समोर देवळीत काजळाची डबी. काकूंनी झाकण उघडलं आणि बोट खसकन फिरवलं.

सर ओरडले तेव्हा बोट बाळाच्या गालापाशी पोचलं होतं. त्यांनी काकूंचं मनगट हवेतच धरलं, त्यांना तसंच मोरीकडे नेलं आणि साबण लावून लावून तो हात स्वतः धुतला. ही असली भुकटी बाळाच्या अंगाला लागणं बरं नव्हे, हे त्यांना माहीत होतं. बायकांना मात्र सरांनी चारचौघांत बायकोचा हात धरला, याचंच अप्रूप. एक म्हातारी म्हणाली, "माय वं, या वयात!" मी कोपऱ्यात डबी उघडून बघत होते. काळ्या तुकड्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत एक चकचकीत पट्टा उमटला होता. मला रडू फुटलं.

तरी सर म्हणाले, "चाल. यंत्राची पाळी पुन्हा भेटणार नाही." नागपूरला यंत्रावरच्या माणसानं तुकडा पाहून कपाळाला आठ्या घातल्या. मग त्यानं पट्ट्याची कड मोठी केली आणि पडदा आमच्याकडे वळवला. अर्धी बांधी कापून झाल्यावर उरलेल्या धानाची उंची जशी बाजूनं दिसते, तशा त्या कडेला नळ्या उभ्या होत्या. दाट, सरळ, एकसारख्या. वरून दिसायचा तो नुसता शेंड्यांचा गुंता होता.

"उभं हाय व, पोरी," सर म्हणाले. एवढंच.

घरी काकू काळजीत बसल्या होत्या. "झालं का वाटोळं?" त्यांनी विचारलं. सर चेहरा पाडून म्हणाले, "तुह्या बोटाले आता नागपूरले बोलावून राहिले."

काकूंच्या बोटाच्या त्या पट्ट्याला प्रबंधात 'यांत्रिक छेद' असं लिहायला सरांनीच सांगितलं. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. "छेद फार सुंदर आहे. उपकरण कोणतं वापरलं?" मी सरांकडे पाहिलं. सर अत्यंत बारकाईनं पंख्याचं निरीक्षण करत होते. खोटं बोलून पदवी घ्यावी की खरं बोलून घालवावी, हे मला एकटीलाच ठरवायचं होतं. मी बारशापासून सगळं सांगितलं.

परीक्षक चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. मग त्यांनी बाहेर चिवड्याच्या बश्या भरणाऱ्या काकूंना आत बोलावून नमस्कार केला. काकू संकोचून म्हणाल्या, "पण काजळ काही बरं नव्हतं जी. तेलच नव्हतं त्यात."

मी पास झाले. पुढे सर निवृत्त होऊन नागपूरला मुलीकडे राहायला निघाले. काकू बसमध्ये जागा धरून बसल्या होत्या. सर खाली माझ्याशी बोलत उभे होते.

"मी कोणाले बोट काहून लावू देत नव्हतो, माहीत हाय?"

"तुकडा खराब होईल म्हणून."

"नाही व. भेव लागे. खाली काही उभंच नसन त? वरून पाह्यत राहिलो तोवर आपलं जंगल होतं."

कंडक्टरनं घंटी मारली आणि सर चढले.

आता सर नाहीत. मी शिकवते, माझी स्वतःची भट्टी आहे, त्यांचे किस्से सांगून मी मुलांना हसवते. पण मनात एक राग राहिलाच आहे. आम्हाला सगळ्यांना त्यांनी इतकी वर्षं हसत ठेवलं, आणि ती भीती मात्र कोणाला न दाखवता एकट्यानं वाहिली. माझ्याही प्रबंधाची भीती होती ती. अर्धी मला द्यायला काय हरकत होती?