काकूच्या मुठीतलं मीठ

लेकीच्या हेडफोनमध्ये कुणीतरी कुजबुजत होतं. "आई, ऐक ना, मानेवर मुंग्या येतात!" मी तो कानाला लावला आणि थेट कोळवणच्या आमच्या ओसरीवर पोचले.

माझी काकू सुपात तांदूळ पाखडत होती. आठ वर्षांची मी तिच्याकडे पाठ करून बसले होते. सुपाची थाप, मग दाण्यांची सळसळ. आणि टाळूपासून कमरेपर्यंत गोड शिरशिरी उतरत गेली. आपल्या अंगात असलं काही असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. घाबरून मी काकूला सांगितलं.

"दिष्ट लागलीया पोरीला," म्हणत तिनं मुठीत खडेमीठ आणि मोहरी घेतली. माझ्यावरून मूठ ओवाळत ती कानाशी पुटपुटू लागली, "आल्यागेल्याची, पाप्याची..." मुठीत मीठ करकरत होतं. शिरशिरी दुप्पट झाली.

"ग्येलं का गं?"

"न्हाई."

काकूनं पुन्हा मूठ भरली. मी डोळे मिटून घेतले.

लेकीला वाटतं, हे तिच्याच पिढीला सापडलंय. मी हेडफोन परत तिच्या कानांवर चढवला. स्वयंपाकघरातून मूठभर खडेमीठ आणलं आणि तिच्या कानाशी पुटपुटू लागले.

तिनं हेडफोन काढून ठेवला.