बराखीतला अर्धा तास

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि गप्प बसणारा माणूस मी नव्हे, राव — निरगुडसरात माझी ख्याती अशी, की मी विहिरीत बादली सोडली तर ती मगर घेऊनच वर येते. मग हीच एक गोष्ट घशात का अडली?

थोरल्या भावाच्या, दादाच्या, हृदयातली झडप पुण्याला बदलली. गावी आल्यावर मी रंगवून सांगितलं — डॉक्टरांनी काळीज ताटात काढून ठेवलं, ते तिथंही उड्या मारत होतं! कांदे साठवायच्या बराखीत निवडायला बसलेल्या बायका खिदळल्या. "भाऊ, लई फेकू नका!"

मग मला पुरावा हवा झाला. वहिनीला म्हटलं, दादाला जरा फिरवून आणतो. बराखीत आणला, सदऱ्याची बटणं काढायला लावली, छातीवरचा व्रण दाखवला. चांगला अर्धा तास. शेजारी बायका सडके कांदे बाजूला आपटत होत्या, त्यांच्यावरची काळी बुरशी भुकटीसारखी उडत होती. आणि धूळ-बुरशीपासून लांब ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं — मलाच.

काही दिवसांनी दादाला ताप आला. उतरेना. रक्तात काही सापडेना. दादा ग्लानीत. डॉक्टरांनी विचारलं, घरी गेल्यावर कुठं धुळीत, बुरशीत गेले होते का?

"नाही," मी म्हणालो.

एरवी मी एका शब्दाचे शंभर करतो — तेव्हा एकच पुरला. भीती कसली होती? शेजारी वहिनी उभी होती. एवढीच.

आठ दिवस भलतीच औषधं चालली. मग नव्या झडपेवर बुरशीची गाठ दिसली. फार क्वचित होतं, म्हणाले. तिचा तुकडा सुटून पायाच्या रक्तवाहिनीत अडकला होता. झडप पुन्हा बदलली. डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

ती बुरशी बराखीतलीच होती का? कुणालाच सांगता येणार नाही. पण मला विचारलं होतं.

परवा दादाला पुन्हा कणकण आली. वहिनी निघाली, तर दादा म्हणतो, "तू नको. ह्याला येऊ दे. डॉक्टरला समदं नीट सांगतो ह्यो."

गेलो. दादाला आत रक्त काढायला नेलं, तेवढ्यात नव्या डॉक्टरांनी जुनी फाईल उघडली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. खोलीत आम्ही दोघंच होतो.

मी म्हणालो, "नाही."