ओला दोर

भद्रकालीच्या मोटारअड्ड्यावर इसाकचाचाने बांधलेला माल रस्त्यात हलला, असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. गाडीवर धान्याची पोती असोत नाहीतर तांबट आळीतले हंडे, चाचा आधी गाडीभोवती एक फेरी मारायचा, मग दोर टाकायचा, त्यात दांडकं घालून पीळ द्यायचा आणि शेवटी सुरगाठ मारायचा. निरगाठीचा त्याला भारी राग. "निरगाठ मारायला अक्कल लागत नाही," तो म्हणे, "माल उतरवणाऱ्याच्या नखांची दया येऊ दे जरा!" तोंडाचा फटकळ, पण हात सोन्याचे. ड्रायव्हर त्याच्या शिव्या खात आणि गाडी मात्र त्याच्याकडेच लावत.

१९३४ सालची गोष्ट. दिवाळी तोंडावर आलेली, मुंबईच्या दुकानांसाठी पितळी भांड्यांची लॉरी सकाळीच निघायची होती. रात्री मोठी सर येऊन गेली आणि उघड्यावर राहिलेले अंबाडीचे दोर चिंब भिजले. ओल्या दोराने माल बांधायचा नाही, हा खुद्द चाचाचा दंडक. ओला दोर आखडलेला असतो. उन्हाने वाळला की लांबतो आणि बांधणी सैल पडते. पण कोरडे दोर दुसऱ्या गाड्यांवर गेलेले, आभाळ भरलेलं, आणि ड्रायव्हर दिवाकरने हॉर्न वाजवून डोकं उठवलेलं. "आज कुठलं ऊन पडतंय," म्हणत चाचाने बांधून दिलं. राखणीला वाळू नावाचा हमाल मालावर चढून बसला आणि लॉरी गेली.

नऊच्या सुमारास चाचा घरी भाकरी खात होता. अंगणातून त्याची बायको शकीला करवादली, की सकाळी बांधून दिलेली दोरी ही अशी कशी, धुतलेले कपडे सगळे चिखलात लोळतायत! चाचा बाहेर आला. लख्ख ऊन पडलं होतं. भिजलेल्या दोराचाच एक तुकडा त्याने सकाळी अंगणात ताणून बांधला होता. हातातला घास हातातच राहिला. इगतपुरीच्या पुढे कसाऱ्याचा घाट, लॉरीवर तीस मण पितळ, आणि त्यावर बसलेला वाळू.

गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? माल पडला असता तर लोकांनी घाटाला नावं ठेवली असती, नाहीतर दिवाकरला. चाचा दांडकं घेऊन धावत अड्ड्यावर गेला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "माझी चूक झाली. मी ओल्या दोराने बांधलं." जन्मभर दुसऱ्यांच्या गाठींना हसलेल्या माणसाला हे म्हणणं किती जड गेलं असेल! पुढच्याच मिनिटाला तो घोटीला निघालेल्या सवारी मोटारीत होता. दिवाकर घोटीला पोटभर भात खाल्ल्याशिवाय घाटाकडे वळत नाही, एवढाच काय तो आधार.

घोटीत खाणावळीसमोर लॉरी उभी होती. चाचाने दोराखाली हात घातला, तर अख्खी मूठ आत गेली. त्याने वर पाहिलं. वाळू भांड्यांवर गाढ झोपलेला. मुंडासं सोडून त्याने कमरेला गुंडाळलं होतं आणि त्याचं टोक त्याच सैल दोराला बांधलं होतं.

चाचाने त्याला हलवून उठवलं. "कमरेला कशाला बांधून घेतलंस रे?"

"वर लय झोप येती, चाचा," वाळू डोळे चोळत म्हणाला. "म्हनलं, दोर चाचाचा हाय. त्याला बांधून घेतलं की भ्याव नाय."

चाचाचे डोळे भरून आले. आयुष्यात त्याची पुष्कळ तारीफ झाली होती, पण एवढी लाज कुठल्याच तारिफेने आणली नव्हती. त्याने सगळे दोर सोडले, पुन्हा टाकले, दांडक्याने पीळ दिला आणि प्रत्येक गाठ दोनदा ओढून पाहिली. जेवून आलेला दिवाकरसुद्धा थट्टा करायचं विसरला.

वाळू परत वर चढू लागला, तसं चाचाने त्याला धोतराला धरून मागे ओढलं. "तू खाली बस, दिवाकरजवळ. घाट उतरेपर्यंत वर मी बसतो."

"पन चाचा, आता घट्ट हाय की!"

"सकाळीही घट्टच होतं," चाचा म्हणाला आणि चाकावर पाय देऊन वर चढला.