पोकळ पृथ्वी

दगड सरांच्या खिशात कायम एक काळा दगड असायचा, म्हणून हे नाव. पेणच्या शाळेत ते आम्हाला भूगोल शिकवायचे. वर्गात आले की कुणाच्यातरी तळहातावर तो दगड ठेवून विचारायचे, "किती वर्षांचा?" उत्तर एकच, साडेसहा कोटी. नाही आलं, तर दगड धरून, हात लांब करून, तास संपेपर्यंत उभं राहायचं. हात खाली आला की मनगटावर पट्टी.

पण शिकवावं ते त्यांनीच! "आधी नुसती धूळ होती. धुळीचे दगड झाले, दगडावर दगड आदळले, सगळं वितळलं. जड लोखंड बुडालं ते थेट मध्यावर, हलका खडक वर राहिला. पृथ्वी मार खाऊन घडलीय. तुम्ही कोण लागून गेलात?" असं म्हणून हाणायचे. तरी मी पहिल्या बाकावरच बसायचे. मेलं, काय आवडायचं त्या माणसात कोण जाणे!

नववीत रोह्याला विज्ञान प्रदर्शन होतं आणि मला जायचंच होतं. आमचं घर जोह्याचं, गणपतीच्या कारखान्याचं. माझ्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, साचा काढून शाडूची पृथ्वी केली, समुद्र स्वतः रंगवले आणि एसटीत मांडीवर घेऊन शाळेत आले. सरांनी खिशातला दगड काढून तिच्यावर टकटक केलं.

"पोकळ! अहो, पृथ्वी म्हणजे गणपती वाटला काय तुम्हाला?"

"भरीव केली तर सुकताना तडकते, सर," आबा म्हणाले. "मूर्ती पन आमी पोकळच करतो."

"तडकू दे. खोटी नको." आणि दगड हाणला. वर्ग खो खो हसला. आबांनी तुकडे पंच्यात गोळा केले. "मातीच हाय गो, भिजवली की झाली," म्हणाले, पण माझ्याकडे बघितलं नाही. रोह्याला दुसरीच मुलगी गेली.

आबांनी ते मनाला लावून घेतलं. दरवर्षी गणपती जाऊन कारखाना मोकळा झाला की एक भरीव पृथ्वी करायला बसायचे. दरवर्षी तडा. "सरांना दाखवायची हाय एकदा," हे शेवटच्या आजारातही सुटलं नाही. गेल्या वर्षी गेले.

यंदा कळलं, सर रोह्याला मुलाकडे असतात, डावी बाजू गेली आहे. आबांची शेवटची तडकलेली पृथ्वी घेऊन मी गेले. सर अर्ध्या तोंडाने हसले.

"वेडा माणूस! अगं, वाटीत वाटी बसवायची. मोठी कवचाची, तिच्यात खडकाची, मधोमध लोखंडाचा गोळा. पातळ वाटी तडकत नाही. तुझ्या बापाला दोन दिवसांचं काम."

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"होतं की."

"मग सांगितलं का नाहीत?"

"त्यानं विचारलं नाही."

दगड त्यांच्या उशाशीच होता. मी तो त्यांच्या उजव्या तळहातावर ठेवला आणि तो हात लांब केला.

"किती वर्षांचा?"

"साडेसहा कोटी." डोळे काय चमकले म्हणून सांगू!

"बरोबर. आणि माझे आबा किती वर्षांचे होऊन गेले?"

"ते मला काय माहीत?"

"मग हात खाली घ्यायचा नाही."

सरांनी हात तसाच लांब धरला. सुनेने मघाशी ठेवलेला चहा मी बशीत ओतला आणि फुंकर घालत सावकाश प्यायले.