छप्पर बघून बसा

जालन्यात आम्ही चारजण कुठं बसलो आणि बाहेर पाऊस लागला, की हैदराबादच्या गोष्टी निघतातच. एकानं एक सांगितली की दुसऱ्याला दोन आठवतात. बायको म्हणते, "तुम्ही तिथं नोकरीला गेल्ता का पाऊस बघायला?" तिचंही बरोबर आहे. निजामाच्या राज्यात आम्ही कारकुनी केली, पण त्या दफ्तरातलं आज काही म्हणता काही आठवत नाही. पाऊस आणि पाहुणे तेवढे लक्षात राहिले!

काचीगुडा स्टेशनाजवळ एका माडीवर आम्ही तिघं राहायचो. मी जालन्याचा, विठ्ठल धावड्याचा आणि शर्फुद्दीन बदनापूरचा. तिघांची दफ्तरं वेगवेगळी, पण खोली एक आणि स्टोव्ह एक. ती खोली मिळण्याआधी आम्ही धर्मशाळेच्या ओट्यावर दिवस काढले होते. खोली गेली तर नोकरी टिकणार नव्हती, आणि नोकरी गेली तर जालन्याला वडिलांच्या दुकानात फडकं घेऊन बसावं लागणार होतं. त्यामुळं त्या खोलीला आम्ही जिवापाड जपत होतो.

मालक मीरसाहेब. पोलिसातून पेन्शनीत निघालेले. खाली दिवाणखान्यात, जिन्याच्या तोंडाशीच गादी टाकून बसायचे. बेगम वारलेल्या, मुलं दूर नोकरीला. उन्हाळ्या-हिवाळ्यात एक म्हातारे हकीमजी पचीसी खेळायला यायचे. पाऊस लागला की हकीमजींचे गुडघे धरायचे, आणि पचीसीचा पट घडी होऊन कोनाड्यात जायचा.

खोली देताना मीरसाहेबांनी एकच शर्त घातली होती. "मेहमान नहीं चलेंगे. एक भी आया तो कमरा खाली!"

आता शर्त आम्ही कबूल केली, पण ती गावाला कोण सांगणार? कुणाची दिवाणीतली पेशी, कुणाचं डोळ्याचं दुखणं, कुणाला नुसताच चारमिनार बघायचा. "आपली पोरं हैत की तिथं," म्हणून गाठोडं घेऊन माणूस दारात उभा! गावच्या माणसाला 'येऊ नका' म्हणायची जीभ आम्हाला फुटली नव्हती.

मग आम्ही रीत बसवली. सकाळी मीरसाहेब आत न्याहारीला गेले की पाहुण्याला खाली उतरवायचं. संध्याकाळी ते नमाजाला गेले की वर चढवायचं. मधला सगळा दिवस पाहुणा शहराच्या हवाली! कोरड्या दिवसांत बाग होती, झाडं होती. पावसात मात्र एकच मंत्र द्यायचा, "छप्पर बघून बसा."

*

पहिला मान माझ्या मावसभावाचा. त्याला चारमिनारच बघायचा होता. सकाळी नेऊन सोडला आणि पाऊस जो लागला तो दिवसभर हटला नाही. हा पठ्ठ्या मधल्या कमानीखाली उभा राहिला तो संध्याकाळी मी न्यायला गेलो तेव्हाच हलला. दुसऱ्या दिवशी त्याची गाडी होती.

पुढं दिवाळीत मी गावी गेलो, तर पारावर त्याला लोक विचारत होते, "कसा हाय रे चारमिनार?"

"बाहीरून कसा दिसतो म्हाईत न्हाई," तो म्हणाला. "पर काम लई पक्कं हाय. कुठंच गळत न्हाई!"

*

वडिलांचे एक दोस्त होते, अडत दुकानवाले शेठजी. त्यांना उभं राहणं जमायचं नाही. बसायला जागा हवी आणि बोलायला माणूस हवा. त्यांना एक लाकडी सामानाचं दुकान सापडलं. आत गेले, एका मोठ्या कोचावर बसले आणि भाव विचारला.

झालं! दुकानदारानं एक आकडा सांगितला, शेठजींनी त्याच्या पावपट सांगितला. दुकानदारानं चहा मागवला. दुपारी पान आलं. दुसऱ्या दिवशीही पाऊस, दुसऱ्या दिवशीही शेठजी त्याच कोचावर. दुकानदार उतरत होता, शेठजी हलत नव्हते. दोघांचंही बरं चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानदार थकला. हात जोडून म्हणाला, "ले जाइए सेठजी, आपकेच भाव में!"

शेठजी घाबरून उठले. बाहेर बघितलं आणि म्हणाले, "इत्ती जल्दी? अभी तो पानी चालूच है!"

*

शर्फुद्दीनचे मामू म्हणजे रंगेल माणूस. बदनापुरात ईद सोडली तर मशिदीकडं त्यांची पाठच असायची. पण पावसात काय करणार? खोलीजवळची मशीद मोठी होती, फरशी कोरडी होती. मामू सकाळी तिथं जाऊन बसले. बसल्यावर अजान झाली. आता सगळे उठले आणि आपणच बसून राहिलो तर बरं दिसत नाही. दिवसभरात एकही नमाज चुकली नाही. पाऊस आठवडाभर राहिला आणि मामूही.

मामू परत गेल्यावर मुमानींनी, म्हणजे मामूंच्या बायकोनं, कुणाच्या तरी हाती शेवयांचा डबा पाठवला. सोबत निरोप, "ह्यांना दर पावसाळ्याला बोलवत जा!"

*

बदनापूरचेच नामदेवमामा. त्यांना आम्ही स्टेशनवर बसवलं. प्लॅटफॉर्मवर छप्पर लांबलचक, बाकडी भरपूर, आणि येणारं-जाणारं माणूस बघण्यात वेळ कसा जातो कळत नाही. संध्याकाळी न्यायला गेलो तर मामांचा पत्ता नाही. चौकशी केली, तर हमाल म्हणाला, "वो पगडीवाले? वो तो मनमाड की गाडी में चढ गए."

आमचा जीव टांगणीला. चारेक दिवसांनी मामांचं कार्ड आलं. गाडीत गावाकडचं कुणी आहे का बघायला मामा डब्यात शिरले, तर खरंच ओळखीचा माणूस निघाला. पुढचं त्यांच्याच शब्दांत, "गाडी हलली, पण बोलणं अर्धं राह्यलं होतं. ते परभणीला संपलं. मंग म्हणलं, इथवर आलोच तर घरी जाऊन यावं. माझं धोतर तुमच्या दोरीवर हाय, तेवढं सांभाळा."

ते धोतर मात्र आम्हाला भोवणार होतं. पावसाळी हवेत ते काही केल्या वाळेना. शेवटी एके दिवशी मीरसाहेबांनी विठ्ठलला जिन्यात गाठलं.

"ये धोती किसकी है?"

"मेरी है, साहब."

"तुम तो पतलून पहनते हो!"

विठ्ठलला घाम फुटला. "जी... पतलून के अंदर!"

मीरसाहेबांनी त्याच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. विठ्ठल महिनाभर त्यांच्यासमोरून जाताना पोट फुगवून चालायचा.

*

कुंभार पिंपळगावचे केशवअण्णा, माझ्या आत्याचे सासरे. त्यांच्यासाठी आम्ही एक अदालत निवडली होती. तिथं मागच्या बाकावर कुणी कुणाला हटकत नसे, वर गोष्टी ऐकायला मिळत. संध्याकाळी अण्णा एकदम खुशीत आले.

"साहेब लई चांगला माणूस हाय," म्हणाले. "मला पुढच्या म्हयन्यात परत बोलवलंय."

आम्ही चमकलो. खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. चपराशानं दारात उभं राहून कुणाच्या तरी नावाचा पुकारा केला. एकदा केला, दोनदा केला. तिसऱ्यांदा केला तेव्हा अण्णांच्यानं राहवलं नाही. त्यांनी मागून मोठ्यानं 'ओ' दिली आणि पुढं जाऊन उभे राहिले. साहेबांनी मान वर न करता तारीख दिली.

मी कपाळावर हात मारला. "अण्णा, हाक तुम्हाला नव्हती!"

"तीनदा हाक मारली बिचाऱ्यानं," अण्णा म्हणाले. "कुणीच ओ देईना. बरं दिसतं का ते?"

"पण दुसऱ्याच्या नावाला तुम्ही कशी ओ दिली?"

"मंग काय झालं? मी मोकळाच होतो की!"

हसून हसून आम्ही ते विसरूनही गेलो. पुढच्या महिन्यात एका सकाळी दार वाजलं. अण्णा! खांद्यावर घोंगडं, हातात दशम्यांचं फडकं.

"साहेबानं तारीख देल्ती," म्हणाले. "न येऊन कसं भागंल?"

*

आणि मग विठ्ठलचे चुलते, तुकारामतात्या. विठ्ठलच्या लहानपणीच त्याचे वडील गेले, त्याला शिकवलं ते या तात्यांनी. भोकरदनच्या पुढं कधी न गेलेला माणूस, पुतण्या कुठं राहतो ते बघायला म्हणून एकटा धावड्याहून आला. आला तोच झड घेऊन. आभाळ असं लागलं की दुपारी दिवे लावावे लागत.

तात्यांना आम्ही मंत्र दिला. "तात्या, छप्पर बघून बसा. दिवे लागायच्या वक्ताला कोपऱ्यावरच्या पानवाल्याजवळ या."

"बराबर," तात्या म्हणाले.

पहिल्या दिवशी तात्या वेळेवर आले. दुसऱ्या दिवशीही आले. आम्ही तिघं छत्री असून चिंब, आणि तात्या कोरडे ठणठणीत! शर्फुद्दीन म्हणाला, "सगळ्यात हुशार पाहुणा हाच." कुठं बसता म्हणून विचारलं, तर म्हणाले, "हाय एक जागा. माणूस चांगला हाय."

तिसऱ्या दिवशी तात्या पानवाल्याजवळ आले नाहीत.

आम्ही वाट बघितली. मग निघालो. मी चारमिनारच्या कमानी पालथ्या घातल्या. शर्फुद्दीन स्टेशनवर गेला, मनमाडच्या गाडीत डोकावून आला, मशिदीत बघून आला. विठ्ठल बंद अदालतीच्या दारापर्यंत पळाला आणि तिथून लाकडी सामानाच्या दुकानात. तिथं शेठजींचा कोच तेवढा रिकामा पडला होता. मुसी नदीला पाणी चढलंय असं रस्त्यात कुणी तरी बोललं आणि विठ्ठलचा चेहरा पांढरा पडला.

"तात्या न्हाई सापडले, तर मी धावड्याला जाऊ कसा?" तो म्हणाला आणि भर रस्त्यात रडायला लागला. इतका मोठा बाप्या, पण मला त्याचं हसू आलं नाही. माझेही डोळे भरले होते.

शर्फुद्दीन म्हणाला, "मीरसाहेब पोलिसातले आहेत. त्यांचा शब्द अजून चालतो."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. मीरसाहेबांना सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं.

"खोली जाऊ दे," विठ्ठल म्हणाला.

"जाऊ दे," मीही म्हणालो. वडिलांचं दुकान आणि ते फडकं डोळ्यांसमोर येऊन गेलं, पण म्हणालो.

तिघंही निथळत दिवाणखान्याच्या दारात उभे राहिलो. विठ्ठलनं आत पाऊल टाकलं, हात जोडले, "साहब, हम से बडी गलती हुई," एवढं म्हणाला आणि थांबला.

गादीवर पचीसीचा पट पसरलेला होता. बाजूला चहाचे दोन पेले. एका अंगाला मीरसाहेब, आणि दुसऱ्या अंगाला मांडी घालून, मुठीत कवड्या खुळखुळवत, आमचे तात्या!

"तात्या!" विठ्ठल ओरडला. "तुम्ही इथं?"

तात्यांनी मान वर केली नाही. "तुम्हीच म्हणले ना, छप्पर बघून बसा. ह्येच सगळ्यात जवळ होतं. आज डाव रंगला, म्हणून उठता आलं न्हाई. थांब जरा, ह्यांची सोंगटी मरून राह्यली."

आमच्या कपड्यांचं पाणी मीरसाहेबांच्या सतरंजीवर टपटपत होतं. मीरसाहेबांनी आमच्याकडं बघितलं. मग तात्यांकडं, मग तात्यांच्या धोतराकडं.

"ये साहब ऊपर ठहरे हैं?"

विठ्ठलनं मान खाली घातली. "जी. परसों चले जाएँगे. हम कमरा खाली..."

मीरसाहेबांनी हात वर करून त्याला गप्प केलं. तात्यांनी टाकलेल्या कवड्या उचलल्या, मुठीत खुळखुळवल्या.

"परसों ये चले गए," ते म्हणाले, "तो इनके बाद कौन आने वाले हैं?"